थोरली, धाकटी आणि रिकामं फोल्डर

१

फोल्डर जागेवर होतं. 'चिमीसाठी' हे त्याचं नावही शाबूत होतं. आत मात्र काहीच नव्हतं.

"एक्केचाळीस होती," वहिनी म्हणाली. "पंधरा दिवसांपूर्वी, मंगळवारी दुपारी मी स्वतः ऐकलीयत, काकू."

दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर तिने लॅपटॉप दोन्ही हातांनी ठेवला होता आणि अजून त्यावरचे हात काढले नव्हते. स्क्रूकाकूंनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. वय अठ्ठावन्न, पूर्वी टाइपरायटर उघडायच्या, आता लॅपटॉप उघडतात. गिऱ्हाइकाने "काही केलं नाही, आपोआप झालं" असं म्हटलं की त्यांच्या नाकावर राग आलाच म्हणून समजा. आपोआप काही होत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं. वहिनी मात्र आपोआप म्हणाली नाही.

"कुणीतरी पुसलंय," ती म्हणाली. "आणि कोणी ते मला माहितेय."

वहिनीचा नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. वीस वर्षं शेजारच्या सीटवरून "क्लच! क्लच!" ओरडल्यामुळे सगळे त्याला क्लचमास्तर म्हणत. दोन महिन्यांपूर्वी मास्तरांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. हॉस्पिटलातल्याच एका बाईंनी सल्ला दिला की जाण्याआधी आवाज रेकॉर्ड करून ठेवा, आणि भाषणं नकोत, घरात रोज बोलता तीच वाक्यं बोला. म्हणून मास्तरांनी नऊ वर्षांच्या लेकीसाठी तीन दिवस बसून एक्केचाळीस वाक्यं रेकॉर्ड केली. ऊठ गं. दात घासलेस का? छत्री घे. मी काही म्हटलं का तुला, मग रडतेस कशाला?

"चिमीला आम्ही सांगून ठेवलंय, बाबांचा आवाज लॅपटॉपमध्ये सुखरूप आहे," वहिनी म्हणाली. "बाबा परवा घरी आले, तेव्हापासून ती रोज सकाळी विचारते, आता लावू का? मी म्हणते, बाबांना जरा बरं वाटू दे. किती दिवस असं म्हणू?"

"फोनमध्ये व्हिडिओ असतील की."

"ते कायम कॅमेऱ्यामागे. सगळ्यांत मिळून 'हं, इकडे बघा' एवढंच आहे."

काकूंनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. "कोणी पुसलं म्हणतेस?"

"भावजींनी," वहिनी म्हणाली.

२

हा लॅपटॉप काकूंच्या चांगल्याच ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या हट्टापायी त्यांनीच त्यात दोन ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिल्या होत्या. जुनी होती ती राहू दिली, कारण ऑफिसचे आणि सरकारी फॉर्म तिच्यातच उघडत. दुसरी नवी घातली, कारण मास्तरांना तिच्यातला रेकॉर्डिंगचा फुकट प्रोग्रॅम आवडायचा. शिकाऊ ड्रायव्हरांसाठी ते त्यात सूचना रेकॉर्ड करत. लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर दोन नावं येतात, हवी ती निवडायची. घरात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत, दोन जावांसारखं. दोघींची स्वयंपाकघरं वेगळी, पण डिस्कवर एक सामाईक कप्पा होता. त्यात दोघींनी ठेवायचं, दोघींनी घ्यायचं. 'चिमीसाठी' हे फोल्डर त्या कप्प्यात होतं.

काकूंनी आधी अख्ख्या डिस्कची नक्कल काढून घेतली. तपास नकलेवर करायचा, मुद्देमालाला हात लावायचा नाही. मग धाकटी उघडली. कोपऱ्यातल्या घड्याळात दुपारचे साडेचार वाजले होते. दुकानातल्या भिंतीवर अकरा. "हिची नेहमीची बोंब," काकू पुटपुटल्या आणि पुढे गेल्या.

रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम त्यांनी उघडला नाही. उगाच काही विस्कटायला नको. नुसती अलीकडे वापरलेल्या फाइलींची यादी पाहिली. एक्केचाळीस नावं ओळीने होती. ऊठ, दात, छत्री. कुठल्याही नावावर टिचकी मारली की एकच उत्तर येई: फाइल सापडत नाही. शेवटच्या नावापुढे वेळ होती, मंगळवार, रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं.

"त्या मंगळवारी आठला तुम्ही कुठे होता?"

"हॉस्पिटलात. सहाला ॲडमिट केलं, बुधवारी सकाळी ऑपरेशन." वहिनी पडद्याकडे वळली. "आठला घरी फक्त भावजी होते. सासूबाई चिमीला घेऊन शेजारी जेवायला गेल्या होत्या. बघितलंत? आठ दहाला कोणीतरी त्या फाइलींना हात लावलाय."

पुसणाऱ्याने फोल्डर का ठेवलं, हे काकूंना कळत नव्हतं. डूख धरून पुसणारा माणूस फोल्डरसकट उडवतो.

"हे फोल्डर केलं कोणी?"

"मी. त्याच्या आदल्या शनिवारी, थोरलीतून. हॉस्पिटलचा फॉर्म भरला, फोल्डर करून ठेवलं, म्हणजे त्यांना शोधाशोध नको. मग शट डाउन केला. तुम्हीच सांगितलं होतं ना, झाकण आपटायचं नाही, नीट बंद करत जा. मी कधीही चुकले नाही."

वहिनी दातांच्या दवाखान्यात पेशंटच्या फायली सांभाळायची. तिच्या हातून कागद इकडचा तिकडे झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. सगळी गिऱ्हाइकं अशी असली तर निम्मी दुकानं बंद पडतील, असं मनात म्हणत काकू उठल्या.

"चल, तुझ्या घरी येते. माणसं बघितल्याशिवाय यंत्राचं कळायचं नाही."

३

घरात शिरल्यावर शांतता अंगावर आली. मास्तर खिडकीशी बसले होते, गळ्यापुढे पांढरा पातळ रुमाल, मांडीवर वही. काकूंना पाहून त्यांनी हात जोडले आणि ओठ हलवले. सवयीने. मग स्वतःच ओशाळून वहीवर लिहिलं, "बसा."

काकूंनी पहिला मोर्चा सासूबाईंकडे वळवला, कारण सासूबाईंना हे सगळं पहिल्यापासून पटलेलं नव्हतं आणि त्यांनी ते लपवलंही नव्हतं.

"हो, बोलले मी," सासूबाई म्हणाल्या. "जिवंत माणसाचा आवाज असा डब्यात भरतात का हो? ऐकवेना मला. तो आत बसून 'छत्री घे, छत्री घे' करत होता आणि मी इथे कानात बोटं घालून बसले होते. पण पुसायचं म्हणजे काय करायचं, मला टीव्हीचा आवाज कमी करता येत नाही, बाई. आणि आता..." त्या थांबल्या. "आता मिळालं तर मला आधी ऐकवा."

दीर मागच्या खोलीत बॅग भरत होता. तिशीतला, दाढी वाढलेला, भावाच्याच स्कूलमध्ये हाताखाली काम करणारा. काकूंना पाहून तो वैतागला.

"तुम्ही पण आलात का पंचनामा करायला? वहिनीने ठरवूनच टाकलंय. मी उद्या मित्राकडे राहायला जातोय."

"मंगळवारी आठला कुठे होतास?"

"घरी."

"खोटं. माझ्यापुढे नको, मी रोज वीस जणांकडून 'पाणी सांडलं नाही' ऐकते."

त्याने बॅगेची चेन ओढली. ती अडकली. मग तो पलंगावर बसला.

"हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर होतो," तो म्हणाला. "गाडीत. आत जाऊन दादाला शेवटचं बोलताना ऐकावं म्हणून गेलो, आणि उतरताच आलं नाही. तासभर बसलो आणि परत आलो. घर सोडू नको म्हणून वहिनीने बजावलं होतं, म्हणून बोललो नाही. आता सांगून कोण विश्वास ठेवणार?"

काकूंना त्याची दया आली, पण दयेने तपास होत नाही. "तुझं नि भावाचं काही भांडण?"

"भांडण कसलं! एवढंच की जाताना त्याने माझी पंचाईत केली. शिकणाऱ्यांच्या वेळा लिहून ठेवतो म्हणाला, सामाईक कप्प्यात. शुक्रवारी वहिनीने लॅपटॉप उघडला तेव्हा मी शेजारीच होतो, तेव्हा बघितलं तर काही नाही. चार जण एकाच वेळी येऊन उभे राहिले, मी तोंडावर पडलो. म्हटलं, ऑपरेशनच्या गडबडीत विसरला असेल."

काकू दारातच थांबल्या. "वेळापत्रक पण नाही?"

"नाही."

त्या तडक बाहेर मास्तरांकडे गेल्या. "मास्तर, शिकणाऱ्यांच्या वेळा तुम्ही लिहिल्या होत्यात का?"

मास्तरांनी लिहिलं, "सोमवारी. नक्की."

काकूंनी कपाळाला हात लावला. लेकीसाठी ठेवलेला आवाज एखादा आकसाने पुसेल. पण चार पोरांच्या क्लचच्या वेळा कोण कशाला चोरेल?

४

"आता एक विचारते, रागावू नका," काकू हळूच म्हणाल्या. वहिनी आत होती. "तुम्हीच तर नाही ना पुसलंत? माणसाला कधी कधी स्वतःचा आवाज नको होतो."

मास्तरांनी पेन उचललं. मग लिहिलं, "एकदा वाटलं होतं. नाही केलं." आणि त्याखाली, "भावाने नाही केलं. तिला सांगा. माझं ती वाचते पण ऐकत नाही."

"शेवटचं रेकॉर्डिंग किती वाजता केलंत?"

"मंगळवार, दोन चाळीस. मग चहा."

दोन चाळीस. यादीत आठ दहा. काकूंना भिंतीवरचे अकरा आणि पडद्यावरचे साडेचार आठवले, आणि स्वतःचाच राग आला.

"रेकॉर्डिंग करताना इंटरनेट बंद ठेवायचात?"

मास्तरांनी मान हलवली. "मध्येच टिंग वाजतं."

एवढ्यावर दिराची सुटका झाली. दोन्ही जावा एकच घड्याळ वापरतात, पण थोरली त्यात इथली वेळ भरून ठेवते, आणि धाकटी ती परदेशातली समजून वर साडेपाच तास चढवते. इंटरनेट असलं की ती बाहेर विचारून दुरुस्त करून घेते. ते बंद असलं की साडेपाच तास पुढेच चालते. आठ दहाला कोणी काही केलंच नव्हतं. ती वेळ मास्तरांच्या चहाआधीची होती.

दीर निर्दोष ठरला म्हणून काकूंना बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आता त्यांना उत्तर दिसायला लागलं होतं, आणि ते नको असलेल्या दिशेने चाललं होतं.

त्यांनी सोबत आणलेल्या लॅपटॉपवर सामाईक कप्पा तारखेनुसार लावून पाहिला. शनिवार संध्याकाळपर्यंतचं सगळं जागच्या जागी. रविवार, सोमवार, मंगळवार, काहीच नाही. मग एकदम शुक्रवार, आणि शुक्रवारचं एक भलंमोठं फोल्डर.

"हे शुक्रवारचं कोणाचं?"

"माझं," आतून येत वहिनी म्हणाली. "हॉस्पिटलने स्कॅनची सीडी दिली होती. हरवायला नको म्हणून थोरलीत उघडून कॉपी करून ठेवली. का?"

काकूंनी लॅपटॉप मिटला. "उद्या अकराला येते. सगळे घरी थांबा. तू बॅग भरू नकोस रे."

५

दुसऱ्या दिवशी चिमी शाळेत गेल्यावर काकू आल्या. एरवी उभ्याउभ्या बोलणाऱ्या काकू आज खुर्ची मागून घेऊन बसल्या. रात्रभर नकलेवर जे करायचं ते करून झालं होतं.

"आधी एक गंमत दाखवते," त्या म्हणाल्या, आणि आवाजात गंमत अजिबात नव्हती.

त्यांनी थोरली उघडली आणि नीट, शट डाउन म्हणून बंद केली. परत चालू करून धाकटी उघडली. सामाईक कप्प्यात एक चिठ्ठी लिहून ठेवली, 'काकू आल्या'. दिराला दाखवली. धाकटी बंद केली, थोरली उघडली. कप्पा पाहिला. चिठ्ठी नव्हती.

"कोणी पुसली?" काकूंनी विचारलं. "तुम्ही चौघं माझ्यासमोर बसलायत."

दिराने कप्पा स्वतः उघडून परत पाहिला.

"थोरलीला शट डाउन म्हटलं की ती खरी झोपत नाही. लवकर उठता यावं म्हणून नुसती डोळे मिटून पडते, आणि कप्प्यात काय काय आहे त्याची यादी मुठीत धरून ठेवते. जागी झाली की कप्प्यात डोकावत नाही, मुठीतली यादीच खरी मानते. मधल्या काळात धाकटीने कप्प्यात काहीही ठेवलं असू दे, यादीत नाही म्हणजे ते नाहीच. ती जागा रिकामी. रिस्टार्ट म्हटलं तर मात्र यादी टाकून देते आणि उठल्यावर सगळं नव्याने बघते. मास्तर कायम रिस्टार्ट करून धाकटीत जायचे, म्हणून दोन वर्षं काही झालं नाही."

मास्तरांनी हळूहळू मान हलवली.

"शनिवारी थोरली शट डाउन झाली, यादी मुठीत. तीन दिवस मास्तरांनी धाकटीत रेकॉर्डिंग केलं, वेळापत्रक केलं. मंगळवारी दुपारी तू ऐकलंस तेही धाकटीतच. सगळं होतं. शुक्रवारी थोरली जागी झाली, शनिवारची यादी घेऊन. यादीत 'चिमीसाठी' फोल्डर होतं, पण रिकामं. म्हणून ते तसंच रिकामं उरलं."

वहिनी आधी दिराकडे वळली. "भावजी," ती म्हणाली. दिराने नुसता हात हलवला, राहू दे म्हणून.

मग ती काकूंकडे वळली. "शनिवारी शट डाउन मी केला."

"हो."

"शुक्रवारी उघडला मीच."

"हो. पण थांब, ऐक. दोन वर्षांपूर्वी ते अर्धवट झोपणं मीच बंद करून दिलं होतं. मोठा अपडेट येतो तेव्हा ते परत चालू होतं, हे मला ठाऊक होतं. मी कोणाला सांगितलं नाही. वर तुला बजावलं, नीट बंद करत जा. प्रत्येक गिऱ्हाइकाला मी तेच सांगते, तोंडपाठ. या घरात दोन सिस्टिम आहेत, इथे तेच सांगणं चूक आहे, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. चूक माझी आहे. झाकण आपटणारी बाई असती तर मास्तरांना थोरलीच उघडी दिसली असती, त्यांनी नेहमीसारखं रिस्टार्ट केलं असतं, आणि आज आवाज असता."

"म्हणजे मी नीट वागले म्हणून गेला," वहिनी म्हणाली.

काकूंनी लॅपटॉप थोडा बाजूला सरकवला.

"पण पुसलं नाही ना कोणी?" दीर पुढे सरकला. "नुसतं यादीत नाही. मग आत कुठेतरी असेलच की! काढा ना, काकू."

काकूंना हाच प्रश्न नको होता. त्यांनी चष्मा काढला आणि पदराने पुसत बसल्या.

"होता. शुक्रवारपर्यंत होता. ती जागा रिकामी समजून थोरलीने त्याच जागेवर स्कॅन लिहिले. मी कप्पा इंच न् इंच बघितला. जिथे आवाज असायला हवा तिथे स्कॅनचे फोटो आहेत. गळ्याचे. सातशे-आठशे फोटो, एकामागून एक, नुसता गळा."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मास्तरांनी वही उघडली, पेन टेकवलं, आणि काही न लिहिता मिटली. पस्तीस वर्षं यंत्रं उघडून बसलेल्या स्क्रूकाकूंनी हात टेकले होते. सगळं कळलं होतं आणि त्याचा कोणाला काडीचा उपयोग नव्हता.

"चिमीला काय सांगू?" वहिनीने विचारलं. कोणालाच विचारलं नाही खरं तर. मग ती उठली, "चहा टाकते," म्हणाली आणि आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ तो बंद झाला नाही.

६

निघण्यापूर्वी धाकटीतलं घड्याळ तरी नीट करून द्यावं, म्हणून काकूंनी ती उघडली. हाताला काहीतरी काम हवं होतं. घड्याळ लावलं, आणि आता जपण्यासारखं उरलंय काय, म्हणून रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅमही उघडला. नव्याने काही बोलून घेता येणार नव्हतं, पण तो चालतो का एवढं पाहावं.

पडद्यावर एक चौकट आली. *अपुरं राहिलेलं एक रेकॉर्डिंग सापडलं आहे. परत मिळवायचं?*

काकूंचा हात थांबला. जतन न केलेलं रेकॉर्डिंग हा प्रोग्रॅम सामाईक कप्प्यात ठेवत नाही, धाकटीच्या स्वतःच्या खोलीत ठेवतो. तिथे थोरलीचा हात पोचत नाही. वेळ मंगळवार, रात्री आठ बावीस, म्हणजे खरे दुपारचे दोन बावन्न. लांबी साडेतीन मिनिटं.

त्यांनी लॅपटॉप मास्तरांपुढे धरला. "हे काय आहे? चहानंतर परत बसला होतात?"

मास्तर त्या चौकटीकडे बघत राहिले. मग त्यांनी वहीत लिहिलं, "एक हिच्यासाठी करायचं होतं. जमलं नाही. बंद न करता झाकण लावलं. चार्जिंग संपून बंद पडला असेल."

"लावू?"

त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. मग मान डोलावली.

काकूंनी बटण दाबलं. खुर्ची करकरली. कोणीतरी घसा साफ केला, परत साफ केला. श्वास घेतला, सोडला, घेतला. अर्धं मिनिट तेवढंच. सासूबाई पुढे वाकल्या, दीर भिंतीला टेकला. मग मास्तरांचा आवाज आला, खडबडीत, गाडीत ओरडून बसलेला, अगदी त्यांचा.

"अगं..."

"आले!" आतून वहिनी ओरडली.

नळ बंद झाला. ओले हात साडीला पुसत ती दारात आली, "काय हो?" म्हणाली आणि मास्तरांकडे बघत उभी राहिली. मास्तरांचं तोंड उघडं होतं. लॅपटॉपमध्ये मास्तर श्वास घेत होते.

काकू रेकॉर्डिंग थांबवायला वाकल्या. वहिनीने त्यांचा हात धरला. ती मास्तरांच्या शेजारी खाली बसली. पुढे एकही शब्द नव्हता, ते मास्तरांनी तिला मानेने सांगितलं. तरी तिने उरलेली तीन मिनिटं ऐकून घेतली.